कडक थंडीसाठी सफरचंदाचा खुंट: अँतोनोव्काची बीरोपं की बुडागोव्स्की ९?

हिवाळ्यात सफरचंदाचं झाड वरूनच नव्हे, खालूनही मरतं, हे बरेच जण विसरतात. मुळं खोडापेक्षा नाजूक असतात, आणि जमिनीवर बर्फाची चादर नसेल तर गारठा थेट त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणून जात निवडण्याआधी खुंट, म्हणजे ज्यावर त्या जातीचं कलम बांधतात ते मुळाकडचं रोप, निवडावा.

अँतोनोव्का ही जुनी रशियन जात. तिच्या बियांपासून केलेली रोपं थंडीला दाद देत नाहीत. मूळ खोल जातं, आधार लागत नाही. पण सफरचंद बियांतून हुबेहूब उतरत नाही, त्यामुळे प्रत्येक रोप थोडं वेगळं. शिवाय झाड पूर्ण उंचीचं होतं आणि फळाला बरीच वर्षं थांबावं लागतं.

बुडागोव्स्की ९ हा रशियातल्या मिचुरिन्स्क शहरात एम ८ हा ठेंगणा खुंट आणि क्रास्नी स्टँडर्ट हे रशियन सफरचंद यांच्या संकरातून घडवलेला खुंट. मातीची भर देऊन फुटव्यांना मुळं आणतात, म्हणून सगळी रोपं एकसारखी. झाड ठेंगणं राहतं, फळ लवकर धरतं. मात्र खांबाचा आधार जन्मभर द्यावा लागतो. याची पानं लालसर असतात. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला की रंगावरूनच ओळखावा आणि काढून टाकावा. मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

जागा भरपूर आणि वारा जोराचा असेल तर मी अँतोनोव्काच लावेन. संकरातून नवा खुंट घडवायचा तर मात्र दोन्ही हवेत: एकाचा काटकपणा, दुसऱ्याचा ठेंगणेपणा.