टस्कीगी कॅम्पस : विटा बघायला तरी जाच

अलाबामात असाल तर टस्कीगी युनिव्हर्सिटीचा ऐतिहासिक भाग बघाच, एन्ट्री फ्री आहे आणि नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. कृष्णवर्णीय मुलांसाठी ४ जुलै १८८१ ला सुरू झालं हे, राज्य सरकारने वर्षाला २००० डॉलर दिले पण तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला, जागा न् इमारत तुमचं तुम्ही बघा! इथले पहिले मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन गळक्या शेडमध्ये शिकवायचे, पाऊस आला की एक विद्यार्थी उठून त्यांच्यावर छत्री धरायचा. मग मुलांनीच विटा पाडायला घेतल्या, तीन भट्ट्या वाया गेल्या, चौथीसाठी साहेबांनी घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं तेव्हा कुठे जमलं. 'द ओक्स' म्हणजे वॉशिंग्टनचं घर, त्याच्या भिंतीत या मुलांच्या हातच्या विटा दिसतात, मी तर तिथेच रेंगाळले. डिझाइन रॉबर्ट टेलरचं, एमआयटीतून शिकलेला पहिला ब्लॅक आर्किटेक्ट. कार्व्हर म्युझियम पण मस्त, शेंगदाण्यावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ ला इथे आले ते शेवटपर्यंत राहिले. वॉशिंग्टनची राजकीय भूमिका (आधी काम-धंदा शिका, समान हक्कांसाठी भांडण नंतर) सगळ्यांना पटत नाही, मलाही पूर्ण नाही, पण शून्यातून उभं केलंय राव. पाचपैकी पाच. जायच्या आधी घराची टूर कधी असते ते विचारून घ्या.