ओटीपी कुणालाही न सांगता रिकामे झालेले खाते

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे. गुडघ्यांमुळे त्यांचे बाजारात जाणे थांबले, तेव्हा घरसामान मागवण्याचे अ‍ॅप मी त्यांच्या फोनवर बसवून दिले, अक्षरे मोठी केली, नेहमीच्या वस्तूंची यादी साठवली आणि दर वेळी आकडे टाकण्याचा त्रास नको म्हणून कार्डाचा तपशीलही कायमचा भरून ठेवला. चार महिने सारे सुरळीत चालले.

मग एकदा साबणाचा पुडा फुटलेला आला. तक्रार कुठे करायची, हे मी त्यांना कधी दाखवलेच नव्हते. त्यांनी कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा क्रमांक’ असे शब्द शोधले आणि सर्वांत वर दिसलेला क्रमांक फिरवला. ती वरची जागा पैसे मोजून जाहिरातीसाठी मिळवता येते, आणि नकाशावरील नोंदींमध्येही दुरुस्ती सुचवण्याच्या निमित्ताने भलताच क्रमांक घुसवता येतो, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पलीकडच्या माणसाने ‘काका, काळजी करू नका, पैसे लगेच परत मिळतील’ असे सांगून एक फाइल पाठवली. ते एक अ‍ॅप होते. फोनने धोक्याची सूचना दिली, तेव्हा ‘ती सगळ्यांनाच येते’ हे उत्तर त्याच्यापाशी तयार होते. त्यानंतर त्याने सेटिंगमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यायला लावली. ही सोय मुळात अधू दृष्टीच्या किंवा बोटे नीट न चालणाऱ्या माणसांसाठी आहे. ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि माणसाच्या वतीने बटणेही दाबू शकते. भामट्यांना नेमके हेच हवे असते. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरऐवजी बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजी देता येत नाही, आधी एक अडसर स्वतःच्या हाताने काढावा लागतो. वडिलांकडून त्याने तो काढून घेतला, एकेक पायरी सांगत, चुकले तर पुन्हा सांगत, जराही न चिडता. इतक्या धीराने मी त्यांना कधी काही शिकवले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ असे मी बजावले होते आणि त्यांनी तो खरोखरच कुणाला सांगितला नाही. पडद्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे, फोन बंद करू नका’ एवढीच अक्षरे होती आणि ते फोन हातात धरून बसून राहिले. तेवढ्यात ओटीपी येत होते, वाचले जात होते आणि खाते रिकामे होत होते.

शरमेपोटी त्यांनी दोन दिवस मला काही सांगितले नाही. असे पैसे काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात, त्यामुळे बँकेला कळवून कार्ड बंद केले तोवर फार उशीर झाला होता. नुकसान खरे त्या दोन दिवसांत पक्के झाले. पुढच्याच आठवड्यात ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला. एकदा फसलेल्यांचे क्रमांक अशा लोकांमध्ये विकले जातात. या वेळी वडिलांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

तो फोन पूर्ण पुसून नव्याने मांडला. खरेदीसाठी वेगळे खाते उघडले असून त्यात महिन्यापुरतीच रक्कम असते, आणि कार्डाचा तपशील आता कुठेही साठवलेला नाही, मग दर वेळी आकडे टाकताना त्यांची चिडचिड झाली तरी चालेल. अ‍ॅपमधील मागच्या ऑर्डरवर जाऊन तिथूनच तक्रार कशी नोंदवायची, याचा सराव आम्ही दोघांनी शेजारी बसून तीनदा केला.

परवा पुन्हा एक वस्तू चुकीची आली. त्यांनी अ‍ॅपमधूनच तक्रार नोंदवली आणि मग मला फोन करून ‘बरोबर केले ना?’ असे दोनदा विचारले. पूर्वी ते असे विचारत नसत.