हळद वाळत राहिली आणि मॅडम गेल्या : सांगलीतल्या एका इंटरनॅशनल स्कूलविषयी

माझ्या मुलीने याच शाळेत तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तीन वर्षे काढली आहेत. ती पुढेही तिथेच शिकणार असल्यामुळे शाळेचे नाव लिहिण्याचे टाळतो. सांगली-मिरज परिसरातल्या पालकांना एवढ्यावर अंदाज आला तर त्याला माझा इलाज नाही. इमारत, बस, मैदान आणि स्वच्छतागृहे यांबद्दल तक्रारीला जागा नाही, म्हणून त्यांवर शब्द खर्च करीत नाही. प्रवेशाच्या वेळी शाळा ज्या दोन गोष्टींची जाहिरात सर्वांत जास्त करते, त्या म्हणजे वर्गात होणारे प्रकल्प आणि ‘अनुभवी शिक्षकवर्ग’, यांच्याविषयीच हा अभिप्राय आहे.

पाटीवर ‘इंटरनॅशनल’ असले तरी शाळा सीबीएसईशी संलग्न आहे, हे आधीच समजून घेतलेले बरे. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटशी किंवा केंब्रिजच्या अभ्यासक्रमाशी तिचा संबंध नाही, आणि विचारल्यावर कार्यालयातून तसे सरळ सांगण्यातही आले. बॅकलॉरिएटच्या प्राथमिक टप्प्यात शेवटच्या वर्षी मुले स्वतः प्रश्न निवडून त्याचा शोध घेतात आणि तो सर्वांसमोर मांडतात. त्याच धर्तीवर आमच्या शाळेने प्रत्येक सत्राला एक वर्गप्रकल्प ठेवला आहे. कल्पना उसनी असली तरी चांगली आहे.

तिसरीतला सूर्यमालेचा प्रकल्प मात्र वर्गात झालाच नाही, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी असताना शाळेने दिलेल्या यादीत थर्माकोलचे गोळे होते, म्हणून मी रात्री नऊला स्टेशनरीच्या दुकानासमोर कागदी गोळे शोधत उभा होतो. शनीची कडी माझ्या मेहुण्याने कापली. प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येक टेबलामागे मूल आणि त्याच्यामागे थकलेले आई-वडील, असेच दृश्य होते. चौथीतही फार वेगळे घडले नाही.

पाचवीत नव्या वर्गशिक्षिका आल्या आणि प्रकल्प या शब्दाचा अर्थच बदलला. पावसाळ्यात त्यांनी वर्गाच्या भिंतीवर एक उभी कागदी पट्टी लावली, तिच्यावर कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या खुणा केल्या, ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका अशा दोन रेषा आखल्या, आणि रोज एका मुलाने वर्तमानपत्रातला आकडा पाहून पट्टीवर टिकली चिकटवायची असे ठरवून दिले. २०१९ चे पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. ती खूण करण्यासाठी मुलांना बाकावर उभे राहावे लागले. त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने आजीला विचारले की, तेव्हा आपल्या घरात पाणी कितव्या पायरीपर्यंत होते. आजी एरवी पुराविषयी बोलत नाही. त्या संध्याकाळी ती तासभर बोलली.

जानेवारीत हळदीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा मॅडमनी वर्गाला मार्केट यार्डात सौदे पाहायला नेले आणि येताना हरिपूरची पेवे दाखवली. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि २००५ च्या महापुराचे पाणी शिरल्यावर त्यांतली बरीच निकामी झाली, हे मीही मुलीकडूनच नव्याने ऐकले. पेव उघडल्याबरोबर आत का उतरत नाहीत, असा एका मुलाचा प्रश्न होता. मॅडमनी उत्तर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पेटत्या मेणबत्तीवर बरणी पालथी घातली आणि ती विझेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवले. त्यानंतर मोजून एक किलो ओली हळद शिजवली, मुलांनी काडी टोचून ती शिजल्याची खात्री केली आणि शाळेच्या गच्चीवर वाळत घातली. वाळल्यावर वजन किती भरेल, याचा प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घेतला होता. मुलीने ८०० ग्रॅम लिहिले होते.

हळद वाळायची होती, तोच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅडम नोकरी सोडून गेल्या. आम्हाला ते शाळेकडून कळले नाही, मुलीकडून कळले.

शाळेचे मासिक वार्तापत्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता मोबाइलवर येते. त्यात नव्या उपप्राचार्यांचे स्वागत असते, शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिराची छायाचित्रे असतात, वाढदिवस असतात आणि ‘महिन्याचे शिक्षक’ असतात. कोण सोडून गेले, हे त्यात तीन वर्षांत एकदाही छापलेले मी पाहिले नाही. फेब्रुवारीच्या अंकात हळदीच्या प्रकल्पाचे पानभर छायाचित्र होते, ज्यांनी तो उभा केला त्या मॅडम मात्र त्यात कुठेच नव्हत्या. सीबीएसईच्या नियमानुसार शाळेने शिक्षकांची संख्या आणि तुकडीमागे शिक्षकांचे प्रमाण संकेतस्थळावर जाहीर करायचे असते. ते पान मी उघडून पाहिले, तर तिथे आदल्या वर्षीचेच आकडे होते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा ‘शिक्षकांचे येणे-जाणे ही प्रशासकीय बाब आहे’ असे उत्तर मिळाले. त्याच सभेत पुढल्या वर्षीच्या फीच्या प्रस्तावात ‘प्रकल्प व उपक्रम’ या नावाची वेगळी रक्कम होती, तिच्यावर मात्र सविस्तर बोलणे झाले. शिक्षकांचा पगार आणि ही रक्कम यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहण्याची माझी इच्छा आहे, पण तो कागद मागितल्यावर अद्याप मिळालेला नाही.

मॅडमच्या जागी आलेल्या शिक्षिकांना मी दोष देत नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर, अभ्यासक्रम राहिलेला आणि चाळीस अनोळखी मुले समोर, अशा स्थितीत कोणीही पुस्तकच हातात धरेल. त्यांनी हळदीचा प्रकल्प ‘पूर्ण’ करण्यासाठी प्रत्येकाने घरून एक तक्ता करून आणावा असे सांगितले, आणि मी पुन्हा एकदा रात्री त्याच स्टेशनरीच्या दुकानात गेलो.

प्रवेश घ्यावा की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘घ्या’ असेच आहे, कारण याच फीमध्ये याहून बरी शाळा आमच्या भागात मला दिसलेली नाही. मात्र प्रदर्शनाच्या दिवशी शाळा पाहायला जाऊ नका. एखाद्या साध्या बुधवारी जा, पाचवीच्या वर्गाच्या भिंतीवर काय लावले आहे ते पाहा, आणि या वर्गाचे शिक्षक गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलले, हा प्रश्न कार्यालयात विचारा.

मार्च संपताना मुलीने शिपाई मामांना गाठले, तेव्हा गच्चीवरची ती हळद त्यांनी पोत्याच्या तुकड्यात बांधून जिन्याखाली ठेवलेली निघाली. ती घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. काट्यावर २१५ ग्रॅम भरले. मुलीने दप्तरातून जुनी वही काढून आपल्या ८०० समोर तो आकडा लिहिला आणि मॅडमचा नंबर आपल्याकडे आहे का, असे मला विचारले.