साथीच्या पौषात धालो: मांड बंद की मांड लहान?

धालो हा गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या समाजांतल्या बायकांचा पौषातला नाच-गाण्यांचा उत्सव; तो जिथे रंगतो ते पवित्र अंगण म्हणजे मांड. कोविडच्या साथीत जीव जपायचा तसा मांडही जपायचा, हा पेच त्यांच्या दारात उभा राहिला.

मांड पूर्ण बंद ठेवणं सर्वांत सुरक्षित. धालोत बायका कमरेला हात गुंफून, समोरासमोर दोन रांगांत रात्री उशिरापर्यंत गातात. मोकळ्या अंगणात हवा खेळती असली, तरी अंगाला अंग लागतं आणि गाताना तोंडातले तुषार दूर जातात. शिवाय 2021 च्या पौषात साठीपुढच्यांना लस नव्हती. त्यांची पाळी 1 मार्चला आली. आणि गाणी तर ह्याच आज्यांच्या तोंडी, बरीचशी वहीत न उतरलेली. आजी गेली की तिच्याबरोबर गाणंही जातं.

लहान मांड म्हणजे दिवा, गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) आणि एकाच घरातल्या दोघी-तिघी. धोका कमी, पण रांगांची सवाल-जबाबाची रंगत नाही. तरी मांड सुना राहत नाही, आणि घरात एकट्या पडलेल्या म्हातारीला हे फार मोठं असतं.

लस येईपर्यंत मी लहान मांडच निवडला असता, आज्यांना घरीच बसवून. नातीने त्यांच्याजवळ वही घेऊन बसावं.