'सुरभि' पुन्हा पाहतोय: काही महिन्यांनंतरचा अनुभव

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारी 'सुरभि' ही भारतीय कला-संस्कृतीवरची मालिका आम्ही दिवाळीपासून घरी पुन्हा बघतोय. यूट्यूबवर जुने भाग मिळतात, ते टीव्हीला जोडायचे. सासूबाई, मी आणि आठवीतली लेक. इतके भाग पाहिल्यावर ठामपणे सांगते, मुलांना कलेची गोडी लावायची असेल तर सुरुवात इथून करा.

सूत्रसंचालक सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे घरच्यासारख्या गप्पा मारतात आणि मधे देशभरातल्या छोट्या फिल्म येतात. कुठे नृत्य, कुठे जुनं देऊळ, कुठे एखादा कारागीर. मला कारागिरांच्या फिल्म सर्वांत आवडतात. वस्तू कशी घडते ते निवांत बघायला मिळतं. मिनिटभराच्या रीलमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं.

याचा परिणाम असा की पैठणीच्या येवल्याला गेलो तेव्हा लेकीने दुकानाआधी माग बघायचा हट्ट धरला. पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी विणतात, एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात गुंतवत. म्हणून हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही तशीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. विणकरकाकांनी पदर उलटून दाखवला. घरी आल्या आल्या सासूबाईंनी कपाटातून स्वतःची पैठणी काढली आणि उलटून पाहिली!

नाशिकच्या पांडवलेण्यांना तर लेक शाळेच्या सहलीत जाऊन आली होती. पण 'हे कोणी करवून घेतलं?' हे तिने या वेळी विचारलं. तिसऱ्या लेण्यात त्याचं उत्तर कोरलेलंच आहे: गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते भिक्षूंना दान दिलं.

खटकणारं म्हणाल तर काही प्रती फार धूसर आहेत, आवाज वरखाली होतो, भागांचा क्रम लागत नाही. आणि जरा कुठे जीव रमला की विषय बदलतो. एखाद्या वाद्याला पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही हो.

प्रश्नमंजुषा मात्र सोडू नका. तेव्हा उत्तरांची पोस्टकार्डं लाखांनी यायची. शेवटी डाक खात्याने स्पर्धांसाठी वेगळं, महाग कार्डच काढलं. सासूबाईंनीही पाठवली होती. आता प्रश्न आला की त्या आणि नात व्हिडिओ थांबवून आधी उत्तर देतात, मग पुढे बघतात.

मला मनापासून वाटतं, सह्याद्रीवर मराठीत अशी मालिका यावी. आमच्या जिल्ह्यातच किती विषय आहेत: तांबट आळीतली भांडी, आदिवासी पाड्यांवरचा बोहाडा हा सोंगांचा उत्सव आणि त्याचे मुखवटे, जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद. कोणी मनावर घेतलंच तर रहाडींचं चित्रीकरण आधी ठरवा, त्या रंगपंचमीलाच उघडतात.