शेवटच्या महिन्यांतली सेवा : कंपनीची, ट्रस्टची की सदनातली?

आजार आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या दोन-चार दिवसांत एक निर्णय घ्यावाच लागतो, आणि त्याची तयारी कुठल्याच घरात नसते. यापुढची सेवा कोणाकडून घ्यायची? मुंबई-ठाण्याकडे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पैसे घेऊन नर्स आणि डॉक्टर घरी पाठवणाऱ्या कंपन्या, घरी येणारी एखाद्या ट्रस्टची पॅलिएटिव्ह टीम, आणि हॉस्पिस, म्हणजे पेशंटला दाखल करून घेणारं सदन. आत्याच्या आजारपणात आम्ही पहिल्या दोन्ही वापरल्या, तिसरी नीट बघून आलो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा दुखणं आणि त्रास कमी ठेवणारी सेवा, यावर इथे जास्त सांगत नाही. हे वाचणाऱ्याला ते एव्हाना कुणीतरी ओपीडीबाहेर उभ्याउभ्या सांगितलेलं असणार. कंपनी आणि ट्रस्ट, दोघांचीही नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. एका घराच्या अनुभवावर कुणाला पास-नापास करणं बरं नाही.

सदनाचं आधी सांगून टाकतो, कारण आमच्यापुरता तो प्रश्न लवकर मिटला. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथे बळावलेल्या कॅन्सरचे रुग्ण घेतात आणि पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही मोफत. तिथे घरचं एक माणूस पेशंटसोबत राहतं, आणि दुखणं आटोक्यात आलं की बरेच जण घरीही जातात. सदन म्हणजे एकदा आत गेलं की संपलं, हा समज सगळीकडे खरा नाही. आजार कॅन्सरचा नसेल तर मात्र असा पेशंट घेता का, हे फोनवर आधी विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

‘मोफत’ या शब्दाशी मध्यमवर्गाचं जमत नाही, हे मला तेव्हा जाणवलं. आधी वाटतं, फुकट म्हणजे कसं असेल कोण जाणे. मग वाटतं, आपल्याला परवडत असताना गरिबाची खाट कशाला अडवायची? पहिली शंका आत पाऊल टाकताच जाते. आम्ही पाहिलेल्या सदनात फरशी आणि चादरी कुठल्याही पंचतारांकित हॉस्पिटलला लाजवतील अशा होत्या. दुसरीचं उत्तर नंतर देणगी देऊन देता येतं. आमचा नकार वेगळ्याच कारणाने होता. आत्याने सांगून ठेवलं होतं, ‘माझं अंथरूण या घरातून हलवायचं नाही.’ शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. तिने सांगितल्यावर चर्चा संपायची.

तेव्हा सामना उरला कंपनी आणि ट्रस्ट यांच्यात.

कंपनीच्या बाजूने बरंच बोलता येईल. फोन केला त्याच संध्याकाळी खाट, एअर बेड आणि ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं. बारा तासांची अटेंडंट मिळाली, मोबाईलवर सगळ्या नोंदी दिसायच्या, बिल वेळेवर आणि स्वच्छ. (मेडिक्लेमचा भरवसा धरू नका. बहुतेक पॉलिसींना पेशंट भरती झालेला लागतो. घरच्या अटेंडंटचं बिल बघून ते नुसते हसतात.) माझा चुलतभाऊ बाहेरगावी असतो, त्याला तर त्या नोंदी बघूनच अर्धा धीर यायचा. नर्स मुली कामाला चांगल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त मुली सारख्या बदलायच्या. नवी आली की पुन्हा पहिल्यापासून, कधीपासून दुखतंय, ऑपरेशन झालंय का, शुगर आहे का. आणि विचारायचं आम्हाला, आत्याच्या डोक्यावरून. ‘पेशंटने काही खाल्लं का?’ एकदा आत्याच म्हणाली, ‘पेशंट अजून बोलतं हो, त्यालाच विचारा की.’

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्याने माझा कौल फिरवला ती गोष्ट रात्रीची आहे.

आत्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. त्याची कळ पोटातून थेट पाठीत जाते आणि आडवं पडलं की वाढते, म्हणजे नेमकी रात्रीच. कंपनीच्या डॉक्टरांनी फेंटॅनिल या जोरदार वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच लावला होता. पॅच वाईट नाही. दुखणं दिवसभर एकसारखं असेल तर उत्तम. पण तो चिकटवल्यावर अंगात पुरता मुरायला बारा तास तरी जातात आणि तीन दिवसांनी बदलायचा असतो. मध्यरात्री उसळणाऱ्या कळेला त्याचा काही उपयोग नाही. तिथे लगेच लागू पडणारं काहीतरी हातात असावं लागतं, आणि ते म्हणजे मॉर्फिनची साधी गोळी. कंपनीकडे ती नव्हती. तेव्हा रात्री कळ आली की मी फोन करायचा. फोन उचलला जायचा, तेही लगेच, आवाजही गोड. उत्तर ठरलेलं : ‘डॉक्टरांशी बोलून कळवतो, सर.’ मग वाट बघायची. आत्या उशी छातीशी धरून पुढे वाकून बसलेली, मी मोबाईलकडे बघत. बऱ्याच वेळाने फोन यायचा तो असा, की कॅज्युअल्टीला आणा. आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला चादरीने बांधून माणूस खाली न्यायचा, जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा रक्त तपासणी, पुन्हा सोनोग्राफीचा सल्ला.

त्या फोनवरच्या मुलाचा दोष नाही. त्याच्या हातात काही दिलेलंच नव्हतं. पण मला तिथे कळलं की सेवा चांगली आहे की नाही हे चोवीस तास फोन चालू असण्यावरून ठरत नाही. रात्री दोनला काय करायचं हे दुपारी ठरवून, लिहून, औषधासकट घरात ठेवलेलं आहे का, त्यावर ठरतं.

ट्रस्टची टीम आली ती पहिल्याच दिवशी एका स्टीलच्या डब्यासह. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक समाजसेविका. सिस्टरने खुर्ची ओढून आत्यासमोर बसून विचारलं, ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ आत्या म्हणाली, ‘बारा. रात्री सोळा.’ शून्य ते दहाची मोजपट्टी मी हॉस्पिटलात पाहिली होती, पण आत्याच्या पिढीला आण्यांचा हिशेब जास्त नेमका सांगता येतो. तो आकडा वहीत लिहिला गेला आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आधी तीच वही उघडली गेली. मग डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून जीभ पाहिली, टाचा आणि माकडहाड पाहिलं, शौचाला कधी झालं ते विचारलं, आणि शेवटी घरात रात्री उठणारं माणूस कोण हे विचारलं. हा शेवटचा प्रश्न आम्हाला तोवर कुणीही विचारला नव्हता.

डब्यात मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, छोट्या पाकिटांत. दर चार तासांनी एक. झोपताना दोन, म्हणजे मधल्या डोसासाठी तिला उठवायला नको. एका पाकिटावर मार्करने लिहिलेलं : ‘मध्येच दुखलं तर. विचारत बसू नका, द्या आणि वहीत वेळ लिहा.’ (हे प्रमाण आत्याचं. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच धरा.) वहीत जादा गोळ्या वाढलेल्या दिसल्या की पुढच्या भेटीत मूळ डोस वाढायचा. चुलतभावाला व्यसनाची धास्ती होती. डॉक्टरांनी फोनवर त्याला शांतपणे समजावलं, की दुखण्याच्या मापात दिलेल्या मॉर्फिनने व्यसन सहसा लागत नाही आणि मरणही अलीकडे येत नाही. तिथून पुढे त्या खुर्चीचं काम पडलं नाही.

मग कंपनीकडे मॉर्फिन का नव्हतं? १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते ठेवणं फार किचकट करून ठेवलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली : राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता मिळालेली संस्था ते ठेवू आणि देऊ शकते. पण ती मान्यता घ्यावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, आणि ज्यांना रोज लागत नाही ते त्या भानगडीत पडत नाहीत. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ते मिळेल ही आशा सोडा. म्हणून कुठल्याही सेवेला पहिल्या फोनवरच विचारा, मॉर्फिन तुम्ही स्वतः देता की नुसती चिठ्ठी देता. चिठ्ठी म्हणाले तर बाकीचं ऐकताना थोडं सावध राहा.

आणखी एक खूण सांगतो, ही मला सिस्टरनेच सांगितली. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध त्याच कागदावर लिहिलंय का बघा. मॉर्फिनची मळमळ चार-आठ दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही. ज्या डॉक्टरने पहिल्या दिवशीच ते लिहिलं त्याने असे पेशंट पाहिलेत. ज्याने नाही लिहिलं, त्याच्याबद्दल मी काही म्हणत नाही.

आता ट्रस्टच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत आणि काहींना त्या भारी पडतील. टीम आठवड्याला एकदा यायची, फार तर दोनदा, तीही दिवसा. ठरावीक अंतरापलीकडे ते जात नाहीत. अंग पुसायला, कूस बदलायला माणूस देत नाहीत, तुम्हालाच शिकवतात. माझ्या बायकोला आणि मला सिस्टरने चादरीच्या आधाराने कूस कशी वळवायची, कापसाच्या बोळ्याने तोंड कसं ओलं ठेवायचं, सलाइन न लावता त्वचेखालच्या बारीक सुईतून औषध कसं द्यायचं हे दाखवलं. आम्हाला जमलं. घरात दोन धडधाकट माणसं होती म्हणून जमलं, हेही खरं. शेवटी आम्ही काय केलं, तर कंपनीची दिवसाची अटेंडंट ठेवली आणि औषधोपचार सगळा ट्रस्टकडे दिला. दोघांना एकमेकांचं वावडं नव्हतं. नव्या मुलीला काही विचारायचं असलं की मी वही पुढे करायचो.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नका, आणि ते विचारायला जीभ रेटत नाही म्हणून लोक विचारत नाहीत. माणूस घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार? हॉस्पिटलात गेला तर नमुना ४, घरी गेला तर नमुना ४ अ, आणि तो आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. तो नसेल तर स्मशानाच्या कागदपत्रांशी अडतं, आणि भल्या पहाटे शेजारच्या ज्या डॉक्टरला उठवाल तो, कधीही न पाहिलेल्या माणसाचा दाखला द्यायला कचरणार. त्याचंही बरोबरच आहे. कंपनीने सांगितलं की दाखला आमच्या सेवेत येत नाही. ट्रस्टच्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं की वेळ कुठलीही असो, कळवा, मी दाखल्याचं बघतो. आत्या पहाटे गेली आणि सकाळी आठच्या आत कागद हातात होता. तेराव्यानंतर समाजसेविका पुन्हा येऊन गेली, उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या आणि बायकोशी बराच वेळ बोलत बसली. माझ्याशी नाही, तिच्याशी. रात्री कोण उठत होतं हे त्यांच्या वहीत होतं.

तुमच्या घरात दिवसरात्र करणारं कुणी नसेल, किंवा जखम, श्वास, रक्तस्राव असं काही हाताबाहेरचं असेल, तर मी सदनच म्हणेन, आणि अपराधी वाटून घेऊ नका. दुखणं फारसं नाही, नुसता अशक्तपणा आहे, मुलं परदेशात आहेत आणि पैशाचा प्रश्न नाही, तर कंपनी बहुधा पुरेल. पण दुखणं हाच मुख्य प्रश्न असेल आणि घरात एक जागं माणूस असेल, तर माझ्या मते घरी येणारी ट्रस्टची टीम. आजार असेल तसं हे बदलेल, मान्य आहे.

कुठलंही ठरवा, नाव मात्र लवकर नोंदवा. केमो चालू असतानाही नोंदवता येतं. नाव घातलं म्हणजे आपण हात टेकले, असं आमच्याकडेही एकजण म्हणाला होता, आणि त्यात आमचे कंपनीचे ते सगळे आठवडे गेले. पहिल्या भेटीला काही दिवस लागतात, मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी. बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. नोंदणीला नातेवाईक गेला तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पेशंटला न्यावं लागत नाही.