चित्राचं नाव की प्राइमिंग? अल्झायमरमध्ये शब्दार्थ तपासताना

चित्र दाखवून नाव विचारायला कागद पुरतो. पण ‘वाघ’ सुचला नाही, तर अर्थ पुसला गेला की नुसता शब्द सापडेना, हे कळत नाही.

प्राइमिंग म्हणजे आधी जवळच्या अर्थाचा शब्द दिसला की पुढचा शब्द लवकर ओळखला जाणं. त्याला संगणक लागतो. ‘सिंह’ दाखवून सुमारे 250 मिलिसेकंदांनी ‘वाघ’ आणायचा; शब्द खरा की बनावट, ते पेशंटने बटण दाबून सांगायचं. मध्ये जास्त वेळ गेला की पेशंट अंदाज बांधतो. खरी फसगत निकाल वाचताना होते: पट्टे, आयाळ विसरली की सिंह-वाघ जवळपास एकच होतात आणि प्राइमिंग निरोगी माणसापेक्षाही जास्त भरतं! असं वाढलेलं प्राइमिंग 1989 मध्येच नोंदलं गेलंय. म्हणून ‘वाघ-पट्टे’ अशा जोड्या हव्यातच. तिथे ते घटतं. पेशंट मुळातच सावकाश, त्यामुळे वेळेतला फरक टक्क्यांत काढा.

दवाखान्यात चित्रं घ्या, सोबत ‘हा काय खातो?’ असं विचारा. संशोधनाला प्राइमिंग.